फाइल तिकडे, बोटं इकडे

माझ्या कामाच्या फाइली माझ्या लॅपटॉपवर नसतात. जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन होतात, ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममधून) मजकूर निघतो आणि तो एका लांबच्या सर्व्हरवर साठतो. रात्री तिथेच त्यावर काही स्क्रिप्ट फिरतात आणि सकाळी मी तो तपासायला बसते. लॅपटॉप जुना आहे. त्यावर एक टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, आणि एक ब्राउझर नीट चालतात, त्याहून जास्त मला लागतही नाही. फाइल तिकडे असेल तर एडिटरही तिकडेच चालावा, असं माझं ठाम मत आहे. ते कुठे लंगडं पडतं हेही पुढे येईलच, कारण ते नेमकं मराठी मजकुरापाशी लंगडं पडतं.

सर्व्हरवर व्हिम हा एडिटर उघडून मी एखादं अक्षर टाइप केलं, तर ते माझ्या स्क्रीनवर माझा लॅपटॉप उमटवत नाही. बटण दाबलं की टर्मिनल काही बाइट तयार करतं, एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनला जोडणारा प्रोग्राम, ते कुलूपबंद करून पाठवतं, तिकडे ते उघडून एका आभासी टर्मिनलमार्गे व्हिमच्या हाती पडतात. स्क्रीनवर आता काय बदलायचं हे व्हिम ठरवतो आणि त्या बदलाचे बाइट आल्या वाटेने परत येतात. मग कुठे मला ते अक्षर दिसतं. प्रत्येक अक्षराची ही वारी होते. जवळच्या मशीनवर ती कळत नाही, लांबच्या मशीनवर चांगलीच कळते. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १० हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जायला ५० मिलिसेकंद आणि यायला ५०. ही झाली कमीत कमी वेळ. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, वाटेत राउटर असतात, त्यामुळे दीडशे-दोनशे सहज होतात. इंटरनेटचा वेग वाढवून घेतला तरी अंतर तेवढंच राहतं.

या दोनशे मिलिसेकंदांनी माझी टाइप करण्याची पद्धत बदलली. खालचा बाण दाबून धरायचा आणि हवी ती ओळ आली की बोट उचलायचं, ही सवय लांबच्या मशीनवर चालत नाही. बोट उचललं तरी वाटेत असलेले बाण पोहोचतच राहतात आणि कर्सर चार-सहा ओळी पुढे जाऊन थांबतो. मग वर या, परत पुढे जा. त्यापेक्षा बारा ओळी खाली जायचं असेल तर बारा आणि जे (व्हिमच्या कमांडमध्ये जे म्हणजे खाली), किंवा सरळ शब्द शोधून तिथे उडी. कंसातला मजकूर बदलायचा असेल तर तीन बटणांत व्हिमला तेवढं सांगता येतं, अक्षर-अक्षर खोडत बसावं लागत नाही. तेच परत करायचं असेल तर एक टिंब. आपल्याला काय हवंय ते थोडक्यात कळवायचं आणि करायचं काम तिकडच्यावर सोपवायचं.

हे सगळं व्हिममध्ये आहे ते योगायोगाने नाही. व्हिमचा पूर्वज व्हीआय. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कलीला शिकत असताना बिल जॉय यांनी तो लिहिला आणि त्यांच्या घरचं कनेक्शन ३०० बॉडच्या मोडेमचं होतं. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरं. त्यांच्यापुढचा एडीएम-३ए टर्मिनल २४ ओळींचा, ८० अक्षरांचा. पूर्ण स्क्रीन १९२० अक्षरांची. ती एकदा नव्याने रंगवायची तर ६४ सेकंद! अशा माणसाने एडिटर लिहिला की तो बदललेल्या जागेपुरतंच रंगवणार आणि कमांड एकेका अक्षराच्या ठेवणार, यात नवल नाही. एच, जे, के, एल या बटणांवर त्या टर्मिनलमध्ये बाण छापलेले होते आणि आज जिथे टॅब असतो तिथे एस्केप होतं. आज मजकूर भरणं थांबवून कमांडकडे वळताना लागणाऱ्या एस्केपसाठी करंगळी कोपऱ्यापर्यंत ताणताना हे मला आठवतं.

आता कनेक्शन तुटण्याबद्दल.

कनेक्शन दोन प्रकारे तुटतं, आणि दोन्हींचे परिणाम वेगळे असतात. पहिल्या प्रकारात पलीकडच्याला तुटल्याचं कळतं. मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या टर्मिनलवरच्या प्रोसेसना (चालू प्रोग्रामना) १ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. हा सिग्नल फोनलाइन आणि मोडेमच्या काळातला आहे, लाइन पडली की आवरतं घ्या असं सांगणारा. बहुतेक प्रोग्राम तो मिळाला की निमूट मरतात. जुना व्हीआय मात्र मरण्याआधी बफर, म्हणजे मेमरीतला सेव्ह न झालेला मजकूर, बाजूला जपून ठेवायचा आणि तुमची फाइल वाचवून ठेवली आहे असं तुम्हाला चक्क मेलने कळवायचा. व्हिम मेल करत नाही, पण मरताना सगळं स्वॅप फाइल नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून जातो. एरवीही तो २०० अक्षरं टाइप झाली की किंवा चार सेकंद हात थांबला की त्या फाइलमध्ये भर घालत असतो. म्हणजे जातं ते फार तर शेवटचं वाक्य.

दुसरा प्रकार जास्त विचित्र. लॅपटॉपचं झाकण मिटलं, वायफाय बदललं, तर पलीकडच्या मशीनला काहीच कळत नाही. तिच्या लेखी मी अजून समोर बसलेली आहे, फक्त गप्प आहे. व्हिम तिकडे चालूच राहतो, कधीकधी तासन्‌तास. लिनक्समध्ये टीसीपी, म्हणजे कनेक्शन सांभाळणारी यंत्रणा, स्वतःहून चौकशी करते तीही मूळ सेटिंगप्रमाणे दोन तासांनी. या मधल्या वेळात मी नव्याने लॉगिन करून तीच फाइल उघडली की व्हिम लालभडक इशारा देतो: या नावाची स्वॅप फाइल आहे, आणि खाली प्रोसेसचा क्रमांक व तो अजून चालू असल्याची नोंद. नवखी माणसं इथे घाबरून ‘तरीही उघडा’ निवडतात आणि एकाच फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी बदलायला लागतात. तसं करू नका. त्या भुताला त्याच्या क्रमांकाने तोच १ नंबरचा सिग्नल पाठवा. तो सगळं स्वॅपमध्ये जपून मरेल. मग फाइल उघडून ‘रिकव्हर’ निवडा, मूळ फाइलशी ताडून बघा, नव्याने सेव्ह करा आणि स्वॅप फाइल काढून टाका. नऊ नंबरचा सिग्नल मात्र पाठवू नका, त्यात जपायला वेळच मिळत नाही.

आणि आपल्या बाजूला गोठलेलं टर्मिनल? खिडकी बंद करायची गरज नाही. एंटर, मग टिल्ड, मग टिंब. एसएसएच तेवढं ऐकतो आणि कनेक्शन सोडून देतो, कारण एंटरनंतरची टिल्ड आणि टिंब ही दोन बटणं तो पलीकडे पाठवतच नाही, स्वतःच वाचतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेला असाल तर आतलं कनेक्शन सोडायला टिल्ड दोनदा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये दर ६० सेकंदांनी ‘आहेस का’ विचारायची सोय आहे. मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते. ती चालू केली की दोन फायदे. गप्प कनेक्शन बघून मधला राउटर ते विसरून जातो ते टळतं, आणि खरोखर तुटलं असेल तर तीन हाका अनुत्तरित गेल्यावर आपल्याला लगेच कळतं.

पण हे सगळे नंतरचे उपाय झाले. तुटण्याची भीतीच घालवायची असेल तर टीमक्स, सर्व्हरवर सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम.

टीमक्सची करामत मला आधी जादू वाटायची, पण आत बघितलं तर गोष्ट साधी आहे. व्हिमला चालायला एक टर्मिनल लागतं. एरवी ते टर्मिनल एसएसएचच्या ताब्यात असतं, म्हणून एसएसएच गेला की टर्मिनल गेलं, टर्मिनल गेलं की व्हिमला सिग्नल. टीमक्समध्ये ते टर्मिनल टीमक्सच्या सर्व्हर प्रोसेसच्या ताब्यात असतं. मी जोडली जाते ती एका छोट्या क्लायंट प्रोसेसने. कनेक्शन तुटलं की क्लायंट मरतो. सर्व्हर आणि त्याच्या पोटातला व्हिम यांना त्याचं सोयरसुतक नसतं. हीच कल्पना स्क्रीन नावाच्या प्रोग्रामने १९८७ पासून राबवली आहे आणि बऱ्याच जुन्या मशीनवर तो सापडतो. टीमक्स २००७चा. मी दोन्ही वापरलेत, टीमक्सच्या कॉन्फिगची भाषा मला जास्त मानवते, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

माझं सेशन असं आहे. पहिल्या विंडोत व्हिम, त्यात चालू पुस्तकाची प्रकरणं. दुसऱ्या विंडोत नुसतं शेल, म्हणजे कमांड द्यायची जागा, शोधाशोधीसाठी. तिसऱ्या विंडोत रात्रीच्या स्क्रिप्टची लॉग फाइल वाहत असते. चौथीत एक साधी टिपणांची फाइल, जिच्यात मी काम अर्धवट सोडताना पुढचं वाक्य लिहून ठेवते. ‘प्रकरण सहा, तळटिपा उरल्यात, आकड्यांपुढचे स्वल्पविराम बघ.’ संध्याकाळी कंट्रोल-बी आणि डी दाबून मी निघून जाते. सकाळी एसएसएचचं एक नाव टाइप केलं की थेट याच सेशनमध्ये उतरते, कारण त्या नावासोबत ‘सेशन असेल तर जोड, नसेल तर नवं काढ’ ही कमांड कॉन्फिगमध्ये लिहून ठेवली आहे. कर्सर ज्या शब्दावर होता त्याच शब्दावर. शोधलेला शेवटचा शब्द तोच, अनडूची साखळी तीच. एक गोष्ट सांगते, त्याच मशीनसाठी दुसरं साधं नावही ठेवा, ज्याच्यासोबत कमांड नाही. नाहीतर त्या पहिल्या नावाने फाइल कॉपी करायला गेलात की एसएसएच अडून बसतो.

टीमक्स बसवल्यावर पहिल्याच दिवशी जो त्रास होतो तो एस्केपचा. व्हिममध्ये एस्केप दाबलं की अर्धा सेकंद काहीच होत नाही. बाणाची बटणं दाबली की टर्मिनल एस्केपने सुरू होणारी अक्षरमाळ पाठवतं, म्हणून नुसतं एस्केप आलं की टीमक्स थांबून बघतो, मागून अजून काही येतंय का. जुन्या आवृत्त्यांत हे थांबणं मुळात ५०० मिलिसेकंद असतं. मी ते १०वर आणलंय. फार लांबच्या, अडखळत्या कनेक्शनवर १० कमी पडू शकतात, कारण एकाच बाणाचे बाइट तुटक येऊ शकतात. तसं झालं तर थोडं वाढवायचं.

कंट्रोल-एसचा प्रकार आणखी जुना. दुसऱ्या एडिटरांच्या सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं की बऱ्याच ठिकाणी स्क्रीन गोठते. टेलिटाइपच्या काळात प्रिंटर मागे पडला तर ‘जरा थांब’ म्हणायचा हा संकेत होता आणि तो अजून जिवंत आहे. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं. थांबतं ते फक्त दिसणं. तुम्ही चिडून दाबलेली बटणं तिकडे पोहोचतच असतात. म्हणून गोठलं की हात वर.

आता मराठी.

टर्मिनल म्हणजे चौकटींचं जाळं. एका चौकटीत एक अक्षर, फार तर चिनी-जपानी अक्षराला दोन चौकटी. आपल्या लिपीला ही कल्पनाच मान्य नाही. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात दोन अक्षरं दिसतात, स्थि आणि ती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, तो सहा कोडचा आहे: स, हलन्त, थ, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक कोडला तीन बाइट, म्हणजे १८ बाइट. आणि चौकटी किती? इथेच भांडण आहे. हलन्त, उकार, अनुस्वार यांना स्वतःची जागा नाही यावर बहुतेकांचं एकमत असतं. काना आणि वेलांट्यांना मात्र अक्षरांच्या रुंदीचे काही तक्ते एक चौकट देतात, काही देत नाहीत. पहिल्या हिशेबाने ‘स्थिती’ पाच चौकटींचा, दुसऱ्या हिशेबाने तीन.

एडिटर आणि टर्मिनल एकाच मशीनवर असले तरी हे भांडण होतं, पण लांबच्या मशीनवर त्याला धार येते, कारण हिशेब करणारे दोघे दोन वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात आणि एकमेकांना विचारत नाहीत. तिकडचा व्हिम आपल्या तक्त्याप्रमाणे म्हणतो, कर्सर तिसाव्या चौकटीत ने. इकडचं टर्मिनल आपल्या तक्त्याप्रमाणे तोपर्यंतचा मजकूर चाळीस चौकटींत मांडून बसलेलं असतं. मधे टीमक्स असला तर त्याचा तिसरा हिशेब. मग कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि एक्स दाबलं की खोडलं जातं भलतंच. ओळीच्या शेवटी जुन्या शब्दांची शेपटं उरतात. कंट्रोल-एल दाबून स्क्रीन नव्याने रंगवली की जरा बरं दिसतं, पण पुढच्या ओळीवर तेच. बऱ्याच टर्मिनलमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला बसते, जोडाक्षरं सुटी पडतात, रफार तर कुठेही.

एक तरुण सहकारी माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, ‘ताई, हे तुम्ही वाचता कसं?’ मी म्हटलं, ‘वाचत नाही रे, तपासते.’ आणि ते खरं आहे. मोडक्या टर्मिनलचा मला एक फायदा होतो, जो सुंदर दाखवणाऱ्या एडिटरमध्ये होत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे जोडणारं एक अदृश्य चिन्ह. छापून आलं तर दोन्ही हुबेहूब एक. शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा नाही, आणि शब्दसूचीत ‘दुसऱ्या’ दोनदा येतो. माझ्या व्हिममध्ये ते अदृश्य चिन्ह कोनी कंसात २००डी असं उघडं पडतं. एका नजरेत कळतं की हे पान वेगळ्या ओसीआरमधून आलंय. शंका आली तर कर्सर तिथे नेऊन जी आणि ए दाबायचं, खालच्या ओळीत त्या जागचे सगळे कोड क्रमाने छापून येतात.

म्हणून मी टर्मिनलमध्ये मराठीला डोळ्यांनी दुरुस्त करत नाही. नमुना शोधायचा, बदली सांगायची, प्रत्येक ठिकाणी हो-नाही विचारायला लावायचं. कर्सर कुठे दिसतो याला महत्त्वच उरत नाही. अनुस्वारानंतर चुकून आलेला काना, दोनदा पडलेली वेलांटी, ओळीच्या सुरुवातीला एकटाच आलेला हलन्त, असल्या चुका नमुन्याने जितक्या झटपट सापडतात तितक्या वाचून कधीच सापडणार नाहीत.

टाइप करण्याचा प्रश्न वेगळाच. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू ठेवून व्हिम वापरला तर कमांड देताना घोळ होतो. ओळ खोडायला डी-डी दाबावं, तर इन्स्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त आहे, म्हणजे व्हिमच्या हाती दोन हलन्त पडतात आणि त्यांचं काय करायचं त्याला समजत नाही. दर वेळी कीबोर्ड बदलत बसणं म्हणजे शिक्षा. व्हिममध्ये स्वतःचा कीमॅप, म्हणजे कुठल्या बटणाने कुठलं अक्षर याची यादी, लिहिता येतो. मी इन्स्क्रिप्टचा कीमॅप लिहून सर्व्हरवर ठेवलाय. लॅपटॉपचा कीबोर्ड कायम इंग्रजीच राहतो. मजकूर भरताना तिकडचा व्हिम अक्षरांचं मराठीकरण करतो आणि एस्केप दाबताच कमांडसाठी परत इंग्रजी. कुठल्याही परक्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं तरी माझा मराठी कीबोर्ड तिकडे तयार असतो.

नव्या मशीनवर मात्र आधी लोकेल, म्हणजे भाषेचं आणि लिपीचं सेटिंग, बघायचं. मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली म्हणजे फाइल बिघडली असं नाही. लॅपटॉप एसएसएचसोबत आपल्या भाषेचं सेटिंग पाठवतो, ते सर्व्हरवर बसवलेलं नसतं, मग सर्व्हर मुकाट्याने जुन्या सी लोकेलवर येतो, ज्याला देवनागरी ठाऊकच नाही. सी.यूटीएफ-८ हे लोकेल आता बहुतेक लिनक्सवर तयार असतं, तेवढं लावलं तरी भागतं.

आणि सलग वाचायचं असेल तेव्हा? प्रस्तावना, कविता, जिथे वाक्याचा ओघ कानाने ऐकावा लागतो तिथे? तिथे माझं ठाम मत मी गुंडाळून ठेवते आणि एडिटर इकडे आणते. इमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये ट्रॅम्प नावाची सोय आहे. फाइलच्या नावाआधी एसएसएच आणि मशीनचं नाव लिहायचं, की तिकडची फाइल इकडच्या खिडकीत उघडते. सेव्ह केलं की ती परत पाठवली जाते. अक्षरं रंगवायचं काम माझ्या लॅपटॉपवर होतं, आणि २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून इमॅक्स त्यासाठी हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा प्रोग्राम वापरतो, त्यामुळे जोडाक्षरं जशी असावीत तशी दिसतात. टाइप केलेलं लगेच उमटतं, कारण अक्षराची वारी नाही. उघडताना आणि सेव्ह करताना तेवढं थांबावं लागतं. पण झाकण मिटलं, लॅपटॉपची बॅटरी संपली, तर सेव्ह न केलेलं माझ्याच मशीनवर अडकतं. आणि अख्ख्या डिरेक्टरीत शोधाशोध करायची म्हटली की पावलोपावली पलीकडे विचारावं लागतं.

व्हीएस कोड या एडिटरचा २०१९पासूनचा मार्ग या दोन्हींच्या मधला आहे. खिडकी इकडे, पण फाइली वाचणारा, शोधणारा भाग सर्व्हरवर बसवला जातो. कल्पना छान आहे. माझ्या सर्व्हरवर अनेकांची कामं चालतात, मेमरी बेताची आहे, म्हणून मी तिथे तो भाग बसवत नाही.

मॉशबद्दल दोन ओळी. २०१२मध्ये एमआयटीत तयार झालेला हा प्रोग्राम लॉगिन एसएसएचने करतो आणि पुढे यूडीपीवर, म्हणजे कायमची जोडणी न लागणाऱ्या पद्धतीवर, जातो. वायफाय बदललं, आयपी बदलला तरी सेशन चालू राहतं. आणि तुम्ही टाइप केलेलं अक्षर पलीकडून येण्याआधीच अंदाजाने दाखवतो. इंग्रजीत टाइप करताना फार सुखाचं. मराठीत मात्र चौकटींचा हिशेब करणारा आणखी एक जण वाढतो, म्हणून तो मी फक्त शेलसाठी वापरते.

शेवटी सेशन दिवसेंदिवस उघडं ठेवण्याची किंमत. एक, मशीन रीबूट झालं की टीमक्सचं सेशन जातं, ते डिस्कवर कुठेही नसतं. म्हणून रीबूटची सूचना आली की मी व्हिमला सेशन फाइल लिहायला लावते, तिच्यावरून सगळ्या फाइली आणि खिडक्या परत तशाच मांडता येतात. अनडूची साखळी २०१०च्या ७.३ आवृत्तीपासून डिस्कवर ठेवता येते, तीही चालू आहे. दोन, आणि हे जास्त तापदायक: व्हिममध्ये फाइल उघडी असताना रात्री स्क्रिप्ट तीच फाइल बदलते. सकाळी व्हिम म्हणतो, डिस्कवरची फाइल बदलली आहे आणि तुमच्या बफरमध्येही बदल आहेत, आता काय करू? कुठलंही उत्तर दिलं तरी कुणाचं तरी काम जातं. शिवाय अनडूची जपलेली साखळी फाइलच्या मजकुराशी बांधलेली असते. मजकूर बाहेरून बदलला की व्हिम ती साखळी नाकारतो. म्हणून रात्रीच्या स्क्रिप्ट आता माझ्या फाइलींना हात लावत नाहीत. त्या आपला निकाल शेजारच्या डिरेक्टरीत लिहितात आणि सकाळी मी दोन्ही फाइली व्हिमडिफमध्ये शेजारी-शेजारी उघडून एकेक फरक घेते किंवा सोडते. त्यात ‘दुसऱ्या’ला ‘दुसऱ्या’ने बदललेल्या ओळी असतातच, दिसायला जशाच्या तशा. त्यांच्यावर कर्सर नेऊन जी-ए.